शेवटच्या सतरंजीवरून

मुखेडच्या स्टँडवर एसटीची वाट बघत बसलं की शेजारची बाई हमखास विचारते, "काय काम करता बाई तुम्ही?"

मी म्हणते, "देवाचं सांगत फिरते."

बाई माझ्या मोकळ्या कपाळाकडं बघते, मग मांडीवरच्या पिशवीकडं. "पोटाला?"

"हाव, पोटालाच."

मग ती एक तर जरा सरकून बसते, नाही तर जवळ येऊन सुनेचं गाऱ्हाणं सुरू करते. मधलं काही होत नाही.

हे काम करणारीला बायबलबाई म्हणतात. चर्चचा पाळक रविवारी उभा राहून उपदेश करतो. पण चुलीपाशी, बाळंतिणीच्या खाटेपाशी पाळकाला बसता येत नाही. तिथं मंडळी, म्हणजे चर्चची सगळी माणसं मिळून, एक बाई पाठवते. मुखेड-देगलूर रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या गावांत आमची ख्रिस्ती घरं विखुरलेली आहेत, एका गावात चार, एका गावात एकच. प्रत्येक गावाचा वार ठरलेला. मोठ्या अक्षरांचं शास्त्र म्हणजे बायबल, छत्री, पाण्याची बाटली आणि लेकरांसाठी लिमलेटच्या गोळ्या, एवढा संसार पिशवीत घालून मी निघते. बायांना वाचून दाखवायचं, प्रार्थना करायची, लेकरांची शब्बाथशाळा, म्हणजे देवाच्या गोष्टींचा वर्ग, घ्यायची. एखादी बाई गेली तर तिला शेवटची आंघोळ घालायची. प्रभुभोजनाची रोटी भाजायची. आणि आणखी एक काम असतं, ते कामं सांगताना कुणी सांगत नाही. कुणाच्या घरात काय चाललंय ते वडीलमंडळींच्या कानावर घालायचं. वडील म्हणजे मंडळीचे कारभारी.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी निरोप धाडला, कामातल्या गमतीजमती लिहा. गमती आहेत की. एका पाटलाच्या घरची म्हैस पान्हा चोरायची. पाटलीणबाईंनी मला रस्त्यात गाठलं. म्हणाल्या, "सगळ्या देवाला इचारून झालं, तुझ्या देवाला बी सांगून बघ." मी गोठ्यात उभी राहून प्रार्थना केली. म्हशीनं काय ऐकलं कुणास ठाऊक, सांजेला दूध दिलं. पुढं महिनाभर त्या आळीत मला माणसांनी कमी आणि म्हशींनी जास्त बोलावलं. त्या वेळच्या पाळकसाहेबांनी विचारलं, "आक्का, तिकडं शास्त्र ऐकायला कोण कोण येतंय?" मी म्हटलं, "साहेब, अजून म्हशीच पुढं आल्यात."

पण मी गमती लिहायला बसले नाही. मंडळी सध्या मला म्हणून राहिली आहे की उभी राहून माफी माग, देवाचं भय धर. मला जे सांगायचंय ते मी इथं बसून सांगते.

देवाचं भय हा माझ्या धंद्यातला माल. शहाणपणाची सुरुवात देवाच्या भयापासून होते, हे आमच्यात लेकरांना बाराखडीच्या आधी पाठ असतं. मला काम शिकवलं येसूबाईंनी. त्या म्हाताऱ्या झाल्या, तेव्हा त्यांच्या जागी मला घेतलं. मला नवऱ्यानं टाकलेलं. माहेरी भावजय उंबरा चढू देईना. चर्चच्या आवारातली खोली मिळाली ती या कामावर. येसूबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "बायांना प्रेमाचं सांगत बसू नको. घरात कुणी दिलंय त्यांना प्रेम? भ्याव मात्र समद्या जणींना ठाऊक हाय. तिथून धर."

मी तिथून धरलं. आणि खोटं कशाला बोलू, मला ते झकास जमलं. न्यायाच्या दिवसाचं, नरकाच्या आगीचं सांगायला लागले की बाया पदर तोंडाला लावायच्या. लेकरांसाठी माझी एक खास रीत होती. काडी पेटवायची, एका लेकराला पुढं बोलवायचं आणि म्हणायचं, बोट जवळ धर. लेकरू हात मागं ओढायचं. मग मी म्हणायची, "एवढीशी काडी सोसंना, मग ती न विझणारी आग कशी सोसशील?" वर्ग चिडीचूप. मी प्रत्येक गावात हे केलं. माझं नाव झालं. आक्काची शाळा म्हणजे लेकरं कशी गप बसतात बघा, असं वडीलमंडळी बाहेरच्या पाहुण्यांना सांगायची.

आता सारजाचं सांगते.

सारजा आमच्याच गावातली. नवरा वारलेला, सोयाबीनच्या खुरपणीला आणि कापणीला जायची, पदरात एक लेक, इस्तर. सारजा बोलायला तिखट. मी प्रार्थना लांबवली की डोळे मिटूनच म्हणायची, "आक्का, आमेन म्हण, रोजगाराला जायचंय." मला ती आवडायची नाही. आवडायची नाही म्हणण्यापेक्षा, तिच्या घरात माझं भय चालत नव्हतं.

एकदा तिच्या दारात गेले तर इस्तर पाण्याचा तांब्या घेऊन आली. हात लांबवला तेव्हा बाहीखाली काळं दिसलं. मी बाही वर सरकवली. दंडाला काळा दोरा होता, सात गाठींचा.

"कुठला?"

सारजानं लपवलं नाही. "दर्ग्यातला. मुजावरानं बांधून दिला. पोरगी रात्री दचकून उठती, झोपतच न्हाई."

"कशानं?"

"लेकरू हाय. भ्यालं," एवढंच ती म्हणाली आणि भाकरी थापायला वळली.

आमच्यात गंडादोरा चालत नाही. एका देवावर भरवसा ठेवला की दुसऱ्या दारात जायचं नाही, हा नियम, आणि तो नियम मला आजही खोटा वाटत नाही. पण नियम चालवायचे कसे, तिथं खरी मेख असते. प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी वडीलमंडळी बसायची आणि विचारायची, "आक्काचं काय म्हणणं?" मी नाव घेतलं की त्या माणसाची मेज बंद. मेज म्हणजे प्रभुभोजन. रोटीचा एक तुकडा आणि मनुका उकळून केलेल्या रसाचा एक घोट. बाहेरच्या माणसाला वाटेल, एवढ्याशा तुकड्यासाठी काय मोठंसं. पण आमच्या बाईला तो तुकडा म्हणजे ती देवाच्या घरातली असल्याची खूण असते. ज्याची मेज बंद, त्यानं दाराजवळच्या शेवटच्या सतरंजीवर बसायचं. परत सुरू व्हायची तर रविवारी सगळ्यांपुढं उभं राहून काय झालं, कशानं झालं, हे सुरुवातीपासून सांगायचं आणि माफी मागायची.

मी सारजाचं नाव घेतलं.

त्याच महिन्यात शांतवनदादांच्या पोरानं नवा पिकअप आणला. शांतवनदादा म्हणजे आमचे थोरले वडील, रिटायर मास्तर, वडीलमंडळीत शब्द त्यांचा. पिकअपच्या पुढं लिंबू आणि मिरच्या लटकत होत्या. मी बघितलं. दादांनी मला बघताना बघितलं. म्हणाले, "ड्रायव्हरनं बांधलंय गं." आम्हां दोघांनाही ठाऊक होतं की ड्रायव्हर त्यांचा पोरगाच. मी म्हटलं, "असू द्या दादा." माझी खोली त्यांच्या शब्दावर होती. मी बायांना देवाचं भय शिकवत फिरत होते आणि स्वतः भीत होते ते शांतवनदादांना.

वडीलमंडळींनी सारजाला बोलावलं. दोरा बांधला का? बांधला. चूक झाली का? झाली असंल. मग रविवारी उभी राहा आणि सगळं सांग. तर म्हणाली, "माफी मागंन. देवाजवळ मागितली बी. पर उभं राहून सुरुवातीपासून न्हाई सांगनार."

दादा म्हणाले, "हा अहंकार आहे." मीही तेच म्हटलं. बायांनाही तेच सांगत फिरले.

सारजा शेवटच्या सतरंजीवर बसायला लागली. ती कधी चुकली नाही, कधी उशिरा आली नाही, गाणी सगळ्यांत मोठ्यानं म्हणायची. ताट फिरायचं आणि तिच्या अलीकडून वळायचं. रोटी मीच भाजायची, तुकडे मीच करायची, जितकी माणसं मेजेची तितकेच. सारजाचा तुकडा मी कापत नव्हते. वर्षं गेली. इस्तर मोठी झाली, दोरा कधीच तुटून पडला, लातूरला कापडाच्या दुकानात कामाला लागली. पण मेज बंदच राहिली. पाळक बदलले, सतरंजी बदलली, सारजा तिथंच.

मग सारजाच्या पोटात गाठ निघाली. नांदेडला दाखवलं, तिथून लातूरला धाडलं. इस्तरला कामावरून सुटी मिळेना म्हणून तपासणीला मी बरोबर गेले. असल्या वेळी दवाखान्यात सोबत जाणं हे माझं कामच. सारजा आत होती आणि मी दवाखान्यासमोरच्या टपरीवर चहा सांगितला. इस्तर दुकानातून थोडा वेळ काढून आली होती. टपरीवाल्यानं स्टोव्ह पेटवायला काडी ओढली आणि एवढी मोठी बाई झालेली इस्तर तोंड फिरवून उभी राहिली.

मी सहज म्हटलं, "काय गं, काडीला भितीस?"

"लहानपणापासून," ती म्हणाली. मग माझ्याकडं बघितलं. "आक्का, तुला खरंच ठाऊक न्हाई?"

"काय?"

"तू मला पुढं बोलावलं होतंस. बोट धर म्हणालीस. त्या रात्रीपासून मला झोपच येईना. आई आगीत जळून राहिली असं दिसायचं. तेव्हाच आईनं दर्ग्यात नेलं." ती हसली, म्हणजे मला बरं वाटावं म्हणून हसली. "सोड गं आक्का. लई जुनी गोष्ट हाय."

चहा कसा लागला ते मला आठवत नाही.

सारजा बाहेर आली. परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली, मी शेजारी. लातूरची वर्दळ मागं पडली तेव्हा मी विचारलं, "सारजे, पोरगी माझ्यामुळं भ्याली होती. तू का न्हाई सांगितलंस?"

ती बाहेर बघत होती. म्हणाली, "सुरुवातीपासून सांगायचं म्हनले ना. सुरुवात तर तूच व्हतीस. मी उभी राहिले असते तर त्यांनी तुला काढलं असतं. तुला ना मागं कुनी, ना पुढं. कुठं गेली असतीस?"

"मग इतकी वर्षं?"

"मला घर हाय, लेक हाय. तुला खोलीच व्हती." मग म्हणाली, "पर आता एक कर. आपरेशनच्या आधी मला मेज पाहिजे. चाकूखाली जायच्या आधी एकदा."

मी त्या शनिवारी वडीलमंडळींपुढं गेले. कधी नव्हे ते उभी राहून बोलले. काडीचं सांगितलं, इस्तरचं सांगितलं. पोरगी माझ्यामुळं भ्याली, भ्यालेल्या लेकराला घेऊन आई जिथं जमेल तिथं धावली, म्हणून दोष द्यायचा तर मला द्या आणि सारजाची मेज सुरू करा.

शांतवनदादा म्हणाले, "काडीत काय पाप आहे? ती शिकवण होती. दोरा पाप आहे. तिला उद्या उभं राहू दे, दोन मिनिटांचं काम आहे."

"ती आजारी हाय दादा. आणि तिनं माफी मागितली हाय, ज्याची मागायची त्याची."

"मंडळीची नाही मागितली."

नवे पाळक तरुण, पोरगेलेसे. नगरकडून बदलून आलेले, अजून पत्नीला घेऊन यायचे होते. ते खाली बघून बोटातली अंगठी फिरवत बसले. त्यांच्या डोक्यावरचं छप्परही दादांच्याच हातात होतं, त्यामुळं मी त्यांना काही बोलले नाही. ती अंगठी मी पुष्कळ वर्षं फिरवलेली आहे.

लेकराच्या बोटाजवळ आग धरणं ही शिकवण आणि त्याला झोप यावी म्हणून दोरा बांधणं हे पाप. घरी आले आणि कणीक मळताना हेच डोक्यात फिरत राहिलं. रोटी भाजली. तुकडे केले. सारजाचाही केला.

रविवारी मी पुढं बायांत बसले नाही. सरळ मागं गेले आणि शेवटच्या सतरंजीवर सारजाच्या शेजारी मांडी घातली. ती कुजबुजली, "काय करून राहिलीस? जा पुढं."

"गप बस. गाणं म्हण."

ताट घेऊन फिरायचा मान थोरल्या वडिलांचा. दादा आमच्यापर्यंत आले आणि थांबले. हळू म्हणाले, "आक्का, पुढं ये."

"इथंच द्या दादा. हिला बी, मला बी."

"तिची मेज बंद आहे."

"मग माझी बी बंद समजा."

सगळं चर्च मागं वळून बघत होतं. कमी ऐकू येणारी सोनामावशी मोठ्यानं म्हणाली, "काय झालं? सरलं का?" कुणी तरी खुदकन हसलं. दादा वळले. ताटात दोन तुकडे उरले होते, ते तसेच मेजेवर परत गेले. मी ती रोटी भाजलेली, त्यातले दोन तुकडे परत जाताना बघितले आणि मला माझ्या जन्मात पहिल्यांदा चर्चमध्ये भीती वाटली नाही.

उपासना सुटल्यावर दादांनी आवारात गाठलं. "इतकी वर्षं शिकवलंस, आणि तुलाच देवाचं भय राहिलं नाही."

लिंबू-मिरची जिभेच्या टोकावर आली होती. गिळली. आता इथं लिहिली, ती गोष्ट वेगळी. मी म्हटलं, "राहिलं न्हाई कसं दादा? आत्ता कुठं यायला लागलंय."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सारजाला लातूरच्या वॉर्डात भरती केलं. शेजारच्या खाटेवर औशाकडची एक शेतकऱ्याघरची बाई होती, मालनबाई. तिचं ऑपरेशन होऊन गेलेलं, त्यामुळं ती वॉर्डाची पाटलीण झाली होती. कुणाला कधी पाणी द्यायचं, कुठली नर्स मऊ, कुठली खट, सगळं तिला ठाऊक. मी शास्त्र वाचायला घेतलं तर म्हणाली, "मोठ्यानं वाचा की, आमाला बी ऐकू द्या." ऐकून घेतल्यावर म्हणाली, "तुमच्या देवाला लई भ्यावं लागतं म्हनं. देव हाय का सासू?"

सारजा हसली आणि पोट धरलं. मी मालनबाईंना विचारलं, "लेकीचं बाळ पहिल्यांदा हातात घेतलंत तेव्हा हात कापले का?"

"कापले की. न्हाई कापायचे?"

"ते बाळ तुम्हाला मारणार होतं का?"

"येडं का काय. हातातून पडंल म्हनून."

"तेच ते," मी म्हटलं. येसूबाईंनी मला हे शिकवलं नाही, कुठल्या पाळकानंही नाही. मलाच बोलताना कळलं. जे आपल्या हातात दिलंय ते मौल्यवान आहे आणि आपले हात कसे आहेत ते आपल्याला ठाऊक आहे, त्यानं जो कंप सुटतो, त्याचं नाव भय. माझ्या हातात इस्तर दिली होती. मी काडी पेटवली.

दुपार कलल्यावर दारात आमचे तरुण पाळक दिसले. घामाघूम, दोन एसट्या बदलून आलेले. हातात स्टीलचा डबा. स्टुलावर बसले, डबा उघडला. रोटी त्यांनी स्वतः भाजली असावी. एका अंगाला करपली होती, दुसऱ्या अंगाला कच्ची. बाटलीच्या टोपणात रस ओतला. मग विधीप्रमाणं सारजाला विचारायचं ते विचारलं. "बाई, देवाचं भय धरतेस ना?"

सारजानं त्यांच्याकडं नीट बघितलं. "पाळकसाहेब, तुमी इथं कुनाला इचारून आलाव?"

त्यांनी डब्याचं झाकण बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "कुणालाच नाही."

"मग तुमी बी धरताव," ती म्हणाली. "द्या."

तिनं हात पुढं केला तेव्हा मला मनगटाला लाल दिसलं. देवीचा दोरा. मघाशी मी तोंड धुवायला गेले होते, तेव्हा मालनबाईंनी आपल्या हातातला सोडून तिला बांधला असणार. त्या समोर बसून आमच्याकडं बघत होत्या, पदर डोक्यावर घेऊन, आपल्याच घरातलं कार्य असल्यासारख्या. पाळकसाहेबांनी तुकडा काढायला मान खाली घातली होती. एकदा मी एका लेकराची बाही वर सरकवली होती. या वेळी मी चादरीचं टोक धरलं आणि सारजाच्या मनगटावर ओढून घेतलं. तिचा तळवा तेवढा बाहेर राहिला. पाळकसाहेबांनी त्यावर रोटी ठेवली. मग दुसरा तुकडा माझ्या हातावर ठेवला.

सारजा वाचली. गाठ काढली, ती घरी आली, परत तिखट बोलायला लागली. वडीलमंडळी म्हणते, दवाखान्यातलं प्रभुभोजन मंडळी धरत नाही, आणि पाळकसाहेबांच्या बदलीचं काढून राहिलीय. शब्बाथशाळा माझ्याकडून काढली. रोटी आता दादांच्या सूनबाई भाजतात, मीठ जास्त पडतं असं बायाच सांगतात. खोलीचं बोलणं चालू आहे. सारजा म्हणाली, "माझ्यात ये, दोघी भांडू." आणि उभी राहून माफी माग, असा निरोप दर आठवड्याला येतो.

त्या लाल दोऱ्याचं आजवर कुणाला ठाऊक नव्हतं, सारजा, मालनबाई आणि मी सोडून. आता तुम्हा सगळ्यांना ठाऊक झालं, शांतवनदादांनाही होईल. दोऱ्याचा हिशेब सारजाला मागू नका. तो तिनं मागितला नव्हता, मी झाकला. जे बंद करायचं असेल ते माझं करा. मी कुठं असते ते मंडळीला माहीत आहे. दर रविवारी दाराजवळ, शेवटच्या सतरंजीवर. आणि मी उभी राहणार नाही.